दोघांत एक गाडी

ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानावर आखलेल्या मार्गावर एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, एका गाडीवर दोन जण उतरू शकतात. एक जण फेरी मारून उतरतो, मग त्याच गाडीत दुसरा बसतो. दोघांची नोंद वेगळी, वेळ वेगळी. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याच्यासाठी ही सोय असते. दोन हजार सालानंतरची काही वर्षं नाशिकमध्ये मी ही सोय नियमित वापरली. गाडी माझ्या मित्राची होती.

मित्र शाळेपासूनचा. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांचं वर्कशॉप होतं. मोठ्या कारखान्यांना लागणारे छोटे सुटे भाग तिथे बनायचे. कॉलेज संपल्यावर तो तिथे बसू लागला आणि मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर. नव्वदच्या दशकात त्यानेच मला गाडी शिकवली होती, वडिलांच्या माल पोचवायच्या व्हॅनवर, दिंडोरी रस्त्याला. द्राक्षाच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग असायची. क्लच सोडताना तो शेजारून माझा गुडघा धरून ठेवायचा. ‘‘घाई नको. गाडीला कळू दे तू काय करतोयस ते,’’ असं म्हणायचा. मी त्याच्या हाताखाली शिकलो आणि गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानायची सवय तेव्हापासून लागली.

पुढे धंदा वाढला आणि त्याने मुंबईहून एक जर्मन सेडान आणली. वापरलेली, पण नीट ठेवलेली. गडद निळा रंग, सहा सिलिंडर, मागच्या चाकांना जोर, आत फिकट चामड्याच्या सीट. तिच्या वेगाबद्दल परदेशी मासिकांतून आम्ही पूर्वी वाचलं होतं. कॉलनीत ती आली तेव्हा त्याच्या आईने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यांना पेढे दिले. शेजाऱ्यांना वाटलं, आता ही गाडी लग्नाकार्यात दिसेल. तशी ती दिसलीही. पण महिन्याभरात तो ती घेऊन ऑटोक्रॉसला गेला.

शहराबाहेर एका मोकळ्या मैदानावर मुरूम पसरून, टँकरने पाणी मारून मार्ग आखलेला असायचा. वळणांवर केशरी कोन, बाजूला दोर, दोराच्या पलीकडे गर्दी. भाग घेणाऱ्यांत बहुतेक जुन्या जीपा आणि छोट्या हॅचबॅक. बंपर काढलेल्या, आत लोखंडी पिंजरा बसवलेल्या. आमचा गट वेगळा होता, कंपनीतून गाडी जशी आली तशीच चालवायचा. त्या गटात काहीही बदललेलं चालत नसे. तपासणीला जाण्याआधी आम्ही डिकीतून स्टेपनी आणि जॅक काढायचो, पायाखालच्या गाद्या काढायचो, मागच्या काचेवरचा त्याच्या मुलीसाठी लावलेला पडदा काढायचो. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती सुटा होता, म्हणून तो खिशात.

पहिल्या वेळी गाडी रांगेत उभी राहिली तेव्हा दोराच्या पलीकडून एक जण ओरडला, ‘‘ओ साहेब, मांडव तिकडं हाय! नवरदेव कुठंय?’’

दुसरा म्हणाला, ‘‘गाडी लय भारी. पण कांदे किती बसतील?’’

मित्राने हेल्मेटमधून हात केला. मग त्याने फेरी मारली आणि मांडवाचं कुणी बोललं नाही. एवढी मोठी गाडी प्रत्येक वळणावर मागचा भाग आडवा टाकत, मुरमाचा पंखा उडवत निघाली. लाउडस्पीकरवरचा माणूसही बोलायचा थांबला. त्या दिवशी तो गटात पहिला आला.

मी दुसऱ्या स्पर्धेपासून उतरायला लागलो. त्यानेच आग्रह केला.

आमच्या ऑटोक्रॉसच्या मंडळींत एक रीत होती. दुसऱ्याच्या गाडीतून फेरी मारायची असेल तर मालक स्वतः तुम्हाला बसवतो. सीट पुढेमागे करणं तेवढं तुमचं काम. पट्टा तो ओढतो, आरसा तो बघतो, जी बटणं दाबायची ती तोच दाबतो, दार लावतो आणि टपावर दोन थापा मारतो. बसणाऱ्याने स्टिअरिंग, गिअर आणि पेडल सोडून कशालाही हात लावायचा नाही. सगळेच ही रीत पाळायचे. कुणी मोडली तर त्याला पुन्हा गाडी मिळत नसे, आणि न सांगता सगळ्यांना ते कळायचं. मला ही रीत आवडायची. आपली लाखमोलाची वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना माणूस वाकून त्याचा पट्टा बांधतो, यात मला मैत्रीच दिसायची.

त्या गाडीत गिअरच्या दांड्याजवळ एक बटण होतं. चाकं घसरू लागली की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा गाडीत असते, ती त्या बटणाने बंद करतात. रस्त्यावर ही यंत्रणा जीव वाचवते. मुरमावर ती चालू असेल तर शर्यत संपली, कारण तिथे चाकं सतत घसरतात. मला बसवताना मित्र आत वाकायचा, बटण दाबायचा, काट्यांमध्ये पिवळा दिवा लागायचा. ‘‘बंद केली,’’ तो म्हणायचा. दार, दोन थापा, आणि मी निघायचो.

माझी फेरी कधीच जमली नाही. वळणात शिरेपर्यंत ठीक. बाहेर पडताना मी गॅस द्यायचो आणि इंजिन गप्प व्हायचं. गाडी क्षणभर बैलगाडीसारखी चालायची, मग जोर परत यायचा, तोवर पुढचं वळण आलेलं असायचं. मी उतरल्यावर त्याला सांगितलं, ‘‘वळणातून निघताना गाडी बसते रे.’’

‘‘गाडी नाही बसत. तुझा पाय डरतो.’’

‘‘मी पूर्ण दाबला होता.’’

‘‘तुला वाटतं पूर्ण दाबला. ऐन वेळी तू उचलतोस. बाहेरून ऐकू येतं ना, इंजिन पडतं ते. मी सांगतो ना तुला.’’

बाहेरून खरंच तसं ऐकू येत होतं. इतरांनीही मान डोलावली. पुढच्या खेपेला मी आणखी जोराने दाबलं आणि इंजिन आणखी लवकर पडलं. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाला, ‘‘याचं डोकं शूर आहे. पाय डरतो.’’

तेच नाव पडलं. मी मैदानावर आलो की कुणीतरी ओरडायचं, ‘‘पाय आले, पाय आले!’’ लाउडस्पीकरवरच्या माणसाने ते उचललं. ‘‘आणि आता निळ्या गाडीत बसताहेत आपले लाडके पाय!’’ गर्दीला मजा यायची. मीही हसायचो.

घरी मात्र मी हसत नव्हतो. खुर्चीत बसून समोर भिंतीला लाकडी पाट टेकवायचा आणि त्यावर उजवं पाऊल हळूहळू, न थांबता दाबत जायचं, असा सराव मी सुरू केला. पत्नीने एकदा दारातून पाहिलं.

‘‘काय चाललंय?’’

‘‘पाय सुधारतोय.’’

‘‘भिंत पडेल आधी,’’ ती म्हणाली आणि आत गेली. नंतर तिने पाट लपवून ठेवला, कारण त्याची कड उखडली होती. मी जाड फळी आणली.

दुसऱ्या वर्षाअखेरीला एक गोष्ट ठरली. पुण्याच्या एका गटाबरोबर मिळून आमच्या मंडळींना दक्षिणेतल्या खऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर एक दिवस मिळाला. डांबरी, रुंद, सरळ पट्ट्यावर वेगाला मर्यादा नाही असा ट्रॅक. अट एकच: एका गाडीला एकच चालक. शेजारी हेल्मेट घालून कुणी बसलं तर चालेल.

मिसळ खायला आम्ही सगळे जमलो होतो. सगळ्यांनी धरलं होतं की निळी गाडी मालकच चालवणार. तोच म्हणाला, ‘‘असं नको. गाडी माझी म्हणून सीट माझी, हे बरोबर नाही. वर्षाची शेवटची ऑटोक्रॉस आहे, त्यात आमच्या दोघांत जो वेगवान तो ट्रॅकवर. हरलेला शेजारी बसेल.’’

टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला, ‘‘याला म्हणतात मित्र. मी तर माझ्या सख्ख्या भावाला किल्ली देत नाही.’’

मला ती सीट हवी होती, हे सरळ लिहितो. पस्तिशी उलटली होती. माझ्या पगारात अशी गाडी येणार नव्हती आणि असा ट्रॅक पुन्हा मिळण्याचं काही चिन्ह नव्हतं. एकदा त्या सरळ पट्ट्यावर ती गाडी पूर्ण सोडायची, एवढंच. त्या आधीचे आठवडे कामावरून आल्यावर मी फळी दाबत होतो.

शेवटच्या ऑटोक्रॉसला त्याने मला बसवलं. पट्टा ओढला, बटण दाबलं, दिवा लागला. ‘‘डरू नको आज,’’ असं कानाशी म्हणाला. मी पाय उचलला नाही. पाय उचलला नाही याची मला खात्री होती, आणि तरीही प्रत्येक वळणावर इंजिन पडलं. माझी वेळ त्याच्यापेक्षा बरीच मागे आली. मी हात मिळवला. तो म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी नक्की.’’ त्या क्षणी मी माझ्या स्वतःच्या शरीरावरचा विश्वास सोडला. मला वाटलं, आपण दाबतोय असं आपल्याला वाटतं आणि ते खोटं असतं. मग आणखी कशाकशात असं होत असेल?

ट्रॅकवर आम्ही रस्त्याने गेलो, आळीपाळीने चालवत. बेळगाव ते हुबळी अवकाळी पावसात मी चालवली. तो शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता.

ट्रॅकवरची सकाळ स्वच्छ होती. त्याने गणपती खिशात घातला, मी शेजारी बसलो. ऑटोक्रॉसमध्ये गाडीत एकटाच माणूस असतो. त्यामुळे इतक्या वर्षांत शर्यतीत तो चालवत असताना मी कधीच त्याच्या शेजारी नव्हतो. पिटमधून, गाड्या थांबतात त्या जागेतून, निघण्याआधी त्याने बटणावर बोट ठेवलं. पिवळा दिवा लागला. बोट त्याने उचललं नाही. पुढे बघत, बोलत, तो ते दाबून राहिला. आधीच्या दिव्याशेजारी दुसरा एक दिवा लागला, जो मी कधी पाहिला नव्हता. मग त्याने बोट काढलं.

पहिल्या वळणातून बाहेर पडताना त्याने गॅस दिला. गाडीचा मागचा भाग सरकला, त्याने स्टिअरिंग उलटं दिलं, आणि सगळा वेळ इंजिन ओरडत राहिलं. कुठेही पडलं नाही. दुसऱ्या वळणावर तेच, तिसऱ्यावर तेच. ही गाडी मी कधी चालवलीच नव्हती. सरळ पट्ट्यावर तो हेल्मेटमधून ओरडत होता, ‘‘बघ! बघ!’’ मी त्या दुसऱ्या दिव्याकडे बघत होतो.

उतरल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. बातमीदारीच्या धंद्याची सवय अशी की एकाच डोळ्याने पाहिलेलं आधी दुसरीकडे तपासायचं. पुण्याच्या गटात त्याच कंपनीची गाडी घेऊन आलेले एक गृहस्थ होते. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘हे बटण नुसतं दाबलं आणि दाबून धरलं, यात फरक काय?’’

‘‘नुसतं दाबलं की अर्धी बंद. घसरलात की ती जोर काढून घेतेच. दाबून धरलं की पूर्ण बंद,’’ ते म्हणाले. ‘‘अहो, ते तर पहिल्या दिवशीच कळतं. मित्राने नाही सांगितलं?’’

मी म्हटलं, सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल.

परतीच्या वाटेवर कोल्हापूरच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही चहाला थांबलो. दुपार होती. मी त्याला विचारलं, ‘‘मला बसवताना तू बटण दाबून का धरत नव्हतास?’’

त्याने बशीतला चहा संपवला. नाकारलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

‘‘गाडी ठोकली असतीस तर? तुला सवय नव्हती.’’

‘‘मग सांगायचं.’’

‘‘सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पूर्ण बंद करून दे. नाही म्हणणं मला जमलं नसतं. माझी गाडी आहे रे शेवटी.’’

‘‘परवा भर पावसात मी चालवत होतो आणि तू घोरत होतास. तेव्हा गाडी तुझी नव्हती?’’

त्याने रिकामी बशी कपाखाली सरकवली. शेजारच्या टेबलावर ट्रकवाले जोरजोरात बोलत होते.

मी म्हटलं, ‘‘गाडीची काळजी होती, मान्य. मग सीटसाठी शर्यत कशाला लावलीस? सरळ सांगायचं, मी चालवणार. मी तुझा पट्टा ओढला असता.’’

‘‘तुला नाही कळायचं.’’

‘‘सांगून बघ.’’

त्याने इकडेतिकडे बघितलं. ‘‘तुझं नाव पेपरात येतं. लोक मला विचारतात, ते पेपरवाले तुमचे मित्र ना? वर्कशॉपच्या पाटीवर अजून बापाचं नाव आहे. तिथे मी कोण, तर मालकाचा मुलगा. एक मैदान होतं रे माझं. तिथे तू येऊन पहिल्याच दिवशी माझ्याएवढा निघाला असतास तर?’’

‘‘आणि माझा पाय?’’

‘‘काय पाय?’’

‘‘डरतो म्हणालास. सगळ्यांसमोर.’’

‘‘अरे, ते मजेत,’’ तो म्हणाला आणि एकदम हलका झाला, जणू अवघड भाग संपला. ‘‘एवढं काय मनाला लावून घेतोस? पुढच्या खेपेला पूर्ण बंद करून देतो. नाहीतर तूच दाब बटण. मग तर झालं?’’

पुढे नाशिकपर्यंत त्यानेच चालवली. आम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो.

पुढच्या ऑटोक्रॉसला मी गेलो. जाऊ नये असं पत्नी म्हणाली, पण तेवढं मला बघायचं होतं. त्याने पट्टा ओढला, आरसा लावला आणि हात मागे घेतला. ‘‘दाब,’’ म्हणाला. जवळ उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बसणारा बटणाला हात लावतोय, हे त्यांना खटकलं. मी बोट ठेवलं, दुसरा दिवा लागेपर्यंत ठेवलं.

त्या फेरीत इंजिन एकदाही पडलं नाही. पहिल्याच वळणावर मागचा भाग इतका आला की समोर गर्दी दिसली. मी स्टिअरिंग उलटं दिलं, गाडी सरळ झाली, आणि मग पुढची सगळी वळणं माझ्या पायाने घेतली. पाय डरत नव्हता. इतकी वर्षं तो डरत नव्हता. फेरी संपली. लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडत होता, ‘‘पायांनी कमाल केली! पायांनी कमाल केली!’’

मग मित्र बसला. त्याची फेरी माझ्याहून स्वच्छ होती. पहिल्या वळणावर मी जे गमावलं ते त्याने गमावलं नाही. त्याची वेळ माझ्यापेक्षा थोडी, पण नक्की चांगली आली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तो माझ्यापेक्षा चांगला चालवत होता, बहुधा सुरुवातीपासूनच. बटण दाबून धरलं असतं तरी त्या सीटवर तोच बसला असता.

हेल्मेट काढून तो धावत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत मी इतका मोकळा पाहिला नव्हता. त्याने मला मिठी मारली.

‘‘बघितलंस? आता तरी पटलं? तू उगाच मनात धरून बसला होतास. मी हरवलंच असतं तुला. आता मिटलं ना सगळं?’’

त्याला खरोखर वाटत होतं की मिटलं. निकाल त्याच्या बाजूने लागला होता आणि निकालाने त्याला आधीच्या सगळ्यातून सोडवलं होतं. मी त्याला सांगू शकलो असतो की हरणं मला चाललं असतं, पहिल्या दिवसापासून चाललं असतं. मी दोन वर्षं भिंतीला फळी दाबत बसलो ते वेगळं. पण तो हसत होता आणि आजूबाजूला लोक जमले होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, पट्ट्याने कॉलरखाली पडलेला वळ चोळला आणि गर्दीतून बाहेर आलो.

त्यानंतर मी मैदानावर गेलो नाही. भांडण झालं नाही. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी आणि पत्नी जात राहिलो, त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला मी खांदा दिला. काही वर्षांनी निळी गाडी विकली गेली. मी ऑटोक्रॉस का सोडली असं कुणी त्याला विचारलं की तो प्रेमाने सांगतो, ‘‘बरोबरीची शर्यत झाली, शेवटी हरला बिचारा, मग मन उडालं त्याचं.’’ मी समोर असतानाही तो हे सांगतो. त्यात तपशिलाची चूक काढता येत नाही. ऐकणारे माझ्याकडे बघून समजुतीने हसतात, आणि मी चहाचा कप पुढे करतो.